मागाच्या खोलीतला रातांबा

नागपूरच्या उन्हाचा बोलबाला एवढा मोठा, की इथल्या थंडीला कोणी विचारतच नाही. दिवाळीनंतर येणारा पाहुणा दोन पातळ सदरे घेऊन येतो आणि पहिल्याच सकाळी न्हाणीघरातून दात वाजवत बाहेर येऊन आपल्याकडे असा बघतो, जणू आपणच त्याला फसवून बोलावलं. मला त्याची गंमत वाटते. मी त्याला संत्री देते, उन्हात खुर्ची टाकून देते आणि मनात म्हणते, बस बाबा, आमच्या गावाला उन्हाळा सोडून दुसरंही तोंड आहे. ही थंडी फार दिवस राहत नाही, पण असते तेव्हा कोणाची भीड ठेवत नाही.

परवा उत्तरेचं वारं सुटलं. सकाळी बेसा भागातल्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत गेले आणि कुंडीतल्या रातांब्याची पानं बोटांत धरून पाहिली. गार होती. नुसती गार नव्हेत, अंग चोरून उभी होती. कोकणात फिरायला गेलेल्या मुलाकडून हे रोप मी हट्टाने मागवून घेतलं. मुलाला वाटलं होतं, आई काजूगर मागेल, फार तर आंबापोळी. सून म्हणाली, "आई, ते समुद्राकाठचं झाड आहे. नागपुरात कुंडीत कसं जगेल?" मी तिला म्हटलं, जगतं. मी पाहिलंय.

पाहिलंय म्हणजे फार वर्षांपूर्वी. छप्पन साली नागपूरची राजधानी मुंबईला गेली, त्या वर्षीच्या हिवाळ्यात.

आमचं घर तेव्हा कोष्टीपुऱ्यात होतं. रांगेने कवेलूंची, म्हणजे कौलारू, घरं आणि घराघरातून मागाची खटखट. सकाळी गल्लीत सुताचे लांबच लांब ताणे पसरलेले असायचे आणि माणसं त्यांच्यावर कुंच्याने तांदळाची खळ चढवत इकडून तिकडे चालत असायची. शाळेत जाताना आम्ही त्या ताण्यांखालून वाकून जायचो. धक्का लागला तर पाठीत धपाटा ठरलेला. घरात शिरलं की पहिली खोली मागाची. जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून बसलेले बाबा आणि त्यांच्या पुढ्यात ताणलेलं लुगडं. सूत कोरडं पडलं की तुटतं, म्हणून ती खोली बारा महिने ओलसर ठेवायची असे. आई जमिनीवर पाणी शिंपडायची, दाराला ओलं पोतं टांगायची, खिडकी कायम बंद. उजेडासाठी छपरात एक काचेचं कवेलू बसवलं होतं. त्यातून उन्हाचा एक चौकोनी तुकडा खाली उतरायचा आणि दिवसभर खोलीतून हळूहळू फिरायचा. दुपारी तो बरोबर मागावर यायचा. पदराचं बारीक काम बाबा त्याच वेळेला काढायचे.

त्या ओल्या मातीचा, आंबूस खळीचा आणि सुताचा मिळून एक वास होता. आता तो कुठे मिळत नाही. मिळाला तर मी दारातच बसकण मारीन.

परसाच्या बाजूला एक खोली होती, तिथे एक जोडपं भाड्याने राहायचं, त्यांना मी काका-काकू म्हणायची. काका सरकारी ऑफिसात कारकून, माणूस सरळ, बोलणं कमी. काकू रत्नागिरीकडच्या. अंगाने बारीक, बोलायला धारदार, मॅट्रिक झालेल्या. आमच्या गल्लीत मॅट्रिक झालेली बाई म्हणजे नवलच. सुरुवातीला बायका त्यांना बघायला काहीतरी मागायच्या निमित्ताने यायच्या. पहिला हिवाळा त्यांना फार जड गेला. ओठ फुटले, टाचा फुटल्या, खोकला छातीत बसला आणि त्या पुष्कळ दिवस अंथरुणाला खिळल्या. आई त्यांच्या तळपायांना कोमट तेल चोळायची आणि बाहेर येऊन म्हणायची, "बाईले आपली हवा मानवून नाही राहिली."

उन्हाळ्यात काकू माहेरी गेल्या आणि परत आल्या त्या एका डब्यासह. रॉकेलच्या डब्यात लाल माती आणि त्यात गुडघाभर रोप. साऱ्या प्रवासात तो डबा त्यांनी मांडीवरून खाली ठेवला नव्हता. काका स्टेशनवरून येताना टांग्यात एवढे अवघडून बसले होते की उतरल्यावर त्यांना सरळ उभं राहता येईना.

"हे काय वं बाई?" आईने विचारलं.

"रातांबा. ह्याच्या फळांची आमसुलं करतात. आमच्या परसातल्या झाडाखाली आपोआप उगवलेलं."

"आमच्याकडे चिंच नाही काय? चिंचेपायी कोनी रेल्वेचं तिकीट काढत नाही बाप्पा."

काकू खूप हसल्या. आजारपणानंतर त्या पहिल्यांदा हसल्या, असं आई नंतर कितीतरी वेळा सांगायची. सूत भिजवायची आमची एक जुनी नांद होती, तिला तडा गेला होता. ती आईने दिली. रातांबा डब्यातून नांदेत आला. पावसाळाभर तो सुखात होता. त्याला नवी पालवी फुटली की ती तांबूस, तांब्याच्या घासलेल्या भांड्याच्या रंगाची असायची आणि मग हळूहळू हिरवी व्हायची. ते कोवळं पान चावलं की आंबट लागतं, असं काकूंनी एकदा सांगून ठेवलं. सांगायला नको होतं. त्या दिवसापासून माझं अर्धं लक्ष त्या पानांवर.

माझी गोष्ट अशी होती. मी तेव्हा पाचवीत. मागावाल्याच्या घरात मुलीचं काम ठरलेलं असे, चरख्यावर बसून सुताच्या कांड्या भरायच्या. बाबांचा धोटा, ताण्यातून इकडून तिकडे आडवं सूत नेणारा, कांड्यांसाठी अडून राहता कामा नये. चौथी झाल्यावर माझी शाळा थांबणारच होती, पण काकू मध्ये पडल्या. बाबा म्हणाले होते, "पोट्टीले इंग्रजी शिकून काय साहेबाच्या मागावर बसाचं हाय?" काकू म्हणाल्या, "भाऊ, मी शिकवते. संध्याकाळी. तुमच्या कांड्या कमी पडल्या तर मला सांगा." बाबांनी मग एक अट घातली. पाचवीपासून इंग्रजी सुरू व्हायचं. वार्षिक परीक्षेत मी इंग्रजीत पास झाले तर सहावी, नाहीतर चरखा. आमच्या घरात इंग्रजीचं अक्षर ओळखणारं कोणी नव्हतं. तेव्हा माझी सहावी काकूंच्या हातात होती, हे मला लहान असूनही चांगलं कळत होतं.

आणि तेवढ्यात राजधानी गेली. गल्लीत त्याचं फारसं कोणाला सुतक नव्हतं, लुगडी तर विणायचीच होती. पण काकांच्या ऑफिसातली निम्मी माणसं मुंबईला निघाली. स्टेशनकडे जाणाऱ्या टांग्यांवर ट्रंका, वळकट्या आणि देवांच्या पेट्या दिसू लागल्या. काकांना विचारलं गेलं होतं: मुंबईला येता, की इथेच दुसऱ्या ऑफिसात राहता? उत्तर होळी झाली की द्यायचं होतं. मुंबई म्हणजे कोकणाचं अंगण. काकूंना तिकडे जायला कोण नाही म्हणणार?

काकांनी निर्णय काकूंवर सोपवला. त्या काळातल्या नवऱ्याने असं करावं, याचं मला आज फार कौतुक वाटतं. तेव्हा मात्र मला त्यांचा रागच आला. एका संध्याकाळी अंगणात सगळे बसलेले असताना काकू म्हणाल्या, "मागच्या थंडीनं मला लोळवलं होतं. यंदा हे झाड सोबत आहे. ह्यानं इथली थंडी काढली तर मी म्हणेन की आमच्याकडच्या जिवाला इथं राहता येतं. मग राहू. नाही काढली तर मुंबई."

आईने माझ्याकडे पाहिलं. बाबा सुताची गाठ सोडवत होते, त्यांनी मान वर केली नाही.

त्या दिवसापासून तो रातांबा आमच्या घरातला सगळ्यांत लाडका प्राणी झाला. नांदेखाली गोणपाट घालून मी ती सकाळी उन्हात ओढायची आणि ऊन उतरलं की परत आत. आई त्याच्या भोवती जुनं लुगडं गुंडाळायची. शेजारणी विचारायच्या, "काहून वं, झाडाले बाळंतीण करून ठेवलं काय?" आई म्हणायची, "बाळंतीणच हाय. तुमाले काय कराचं?" मला हसू यायचं. देवापुढे हात जोडताना मी स्वतःसाठी काही मागायची नाही, झाडासाठीच मागायची. दोन्ही एकच होतं म्हणा.

पौष महिन्यात वारं बोचरं झालं आणि बाहेरच्या पानांच्या कडा काळवंडू लागल्या. काकू पानांवरून बोट फिरवत राहिल्या. तेव्हा बाबा मागावरून उठले. त्यांनी नांद उचलून मागाच्या खोलीत आणली आणि खड्ड्याच्या कडेला ठेवली. "इथं ऊब हाय," ते म्हणाले, "आन् ओल बी हाय. तुमच्या गावावानी."

खरंच होतं ते. हिवाळ्यात मागाचा खड्डा उबदार असतो आणि ती खोली तर बारा महिने दमट. सगळ्या नागपुरात कोकण शोधायचं झालं असतं तर ते आमच्या त्या खोलीतच सापडलं असतं. पण झाडाला उजेडही लागतो. उजेड तिथे एकच होता, काचेच्या कवेलूतून येणारा. बाबांनी छपरावर चढून ते कवेलू नांदेच्या बाजूला सरकवलं, पुन्हा थोडं सरकवलं, आणि उन्हाचा तो तुकडा दुपारी मागावर येण्याऐवजी पानांवर पडू लागला. मागावर सावली आली.

आई म्हणाली, "तुमाले पदर कसा दिसन?"

बाबा धोटा फेकत म्हणाले, "पदर काय पाहून विनतेत काय वं? मले पाठ हाय."

मग माझा अभ्यासही त्याच खोलीत होऊ लागला, कारण काकू संध्याकाळी झाडापाशी येऊन बसायच्या. एका बाजूला माझा चरखा, एका बाजूला नांद, मध्ये खटखट. काकू शब्द विचारायच्या, मी कांडी भरता भरता स्पेलिंग म्हणायची. चुकलं तर काकू थांबायच्या आणि नवल म्हणजे बाबांचा धोटाही थांबायचा. बरोबर म्हटलं की पुन्हा खटखट सुरू. बाबांना त्यातलं अक्षरही कळत नव्हतं, पण काकूंच्या थांबण्यावरून त्यांना सगळं कळायचं. आठवड्याभरात ते मला कांड्यांवरून बोलेनासे झाले. मी कमी भरलेल्या कांड्या आई मुकाट्याने पुऱ्या करून ठेवायची.

त्या संध्याकाळी आठवल्या की मला वाटतं, एवढी श्रीमंत शाळा मी पुन्हा पाहिली नाही. उकडलेल्या तुरीच्या शेंगांची परात मध्ये असायची. काकूंच्या हाताला आमसुलाचा वास यायचा. बाहेर वारं दारावरचं पोतं हलवायचं आणि आत ऊब असायची.

मग आभाळ आलं. ऐन थंडीत कधीकधी येतं तसं, चार दिवस सूर्य दिसला नाही, बारीक पाऊसही झाला. मागावाल्याला असं आभाळ आवडत नाही, कारण खळ चढवलेलं सूत वाळत नाही आणि त्याला बुरशी धरते. अशा वेळी खळीत निळा मोरचूद टाकतात, म्हणजे बुरशी लागत नाही. बाबांनीही टाकला, आणि सूत खराब होऊ नये म्हणून हात जरा सैल सोडूनच टाकला. हे ते कोणाला सांगायला गेले नाहीत. सांगायचं काय त्यात? मीठ घातलं, हे कोणी घरभर सांगत फिरतं का?

आणि आमच्या आईची रीत अशी, की तांदळाची खळ उरली की ती झाडाला जायची. परसातली पपई, वांगी, सगळी तिच्या खळीवर पोसलेली. पेज माणसाला चालते तर झाडाला का नाही, असा तिचा हिशेब. गल्लीतल्या सगळ्याच बायका तसं करायच्या. रातांब्याला तर ती रोज वाटी वाटी घालत होती, गाईच्या पहिल्या घासासारखी राखून ठेवून. आभाळाच्या त्या दिवसांतही घातली.

आभाळ गेलं आणि थंडी दुपटीने आली. त्याच आठवड्यात रातांब्याची पानं तपकिरी झाली आणि एकेक करून गळू लागली. सकाळी मी खोलीत गेले की नांदेभोवती पानं पडलेली असायची. मी ती लपवायची, काकू यायच्या आधी उचलून चुलीत टाकायची. पण फांदीवर राहिलेली किती कमी झाली, ते कसं लपवणार?

काकूंनी एकदा नांदेकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "थंडीनं नेलं." मग मला म्हणाल्या, "चल गो, पुस्तक उघड." त्या संध्याकाळी त्यांनी मला पुढचे धडे भराभरा शिकवायला घेतले. जायच्या आधी जेवढं होईल तेवढं उरकून टाकावं, तसं. मला ते कळलं आणि माझी स्पेलिंगं सगळी चुकली. धोटा थांबला तो थांबलाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा खड्ड्यात उतरता उतरता थबकले. नांदेतली वरची माती वाळून तिच्यावर हिरवट निळी खपली धरली होती.

"यात खळ टाकली काय वं?"

"रोजच तं टाकतो मी," आई म्हणाली. "मधी जराशी निळी दिसली, मले वाटलं आभाळामुळं दिसून राहिली तशी."

"त्यात मोरचूद होता."

घरातल्या सगळ्यांत जास्त जपणारी आईच आणि झाडाला विष पाजलं तेही तिनेच. ती रडली नाही. पदर खोचला, नांद ओढत विहिरीपाशी नेली, रातांबा मातीतून अलगद सोडवला आणि त्याची मुळं धुवायला लागली. विहिरीचं पाणी नुकतं काढलेलं, म्हणून कोमट होतं, तरी वाऱ्याने तिची बोटं लाल झाली. मी पाणी ओढून देत होते. ती एकेक मूळ अंगठ्याने चोळत होती आणि पुटपुटत होती, "माफ कर रे बाप्पा, माफ कर."

काकू आपल्या दारातून बघत होत्या. मग त्या आल्या आणि आईने सगळं सांगून टाकलं. मोरचूद, खळ, वाटी वाटी. शेवटी म्हणाली, "थंडीनं नाही मेलं बाई. मी मारलं. तुमी त्याच्यावरून ठरवू नका. आमची थंडी इतकी वाईट नाही."

काकू तिच्यासमोर उकिडव्या बसल्या आणि रोपाचं खोड हातात धरलं, म्हणजे आईला दोन्ही हातांनी धुता येईल. बराच वेळ पाणी पडत होतं. मग त्या म्हणाल्या, "वहिनी, माझ्या लग्नात माझ्या पायांवरसुद्धा कोणी एवढं पाणी घातलं नव्हतं."

आई हसली आणि हसता हसताच तिला रडू फुटलं.

नवी माती बाबांनी दिली. मागाच्या खड्ड्याच्या कडेची, वर्षानुवर्षं ओल धरून मऊ झालेली. दसऱ्याला आम्ही त्याच खड्ड्यापाशी माग पुजायचो. तिथली माती आमच्या घरात कोणी कधी उकरली नव्हती. बाबांनी खुरपं घेतलं आणि उकरली. रातांबा पुन्हा उन्हाच्या तुकड्यात उभा राहिला. आता ती नुसती काठी होती. बाबा त्या काठीलाही उजेड देऊन स्वतः सावलीत विणत राहिले. शेजारचा एक जण म्हणाला, "काडीले काहून ऊन दाखवून राहिला गा?" बाबा म्हणाले, "तुह्या घरचं ऊन हाय काय?"

संक्रांत झाली. तीळगूळ झाला. थंडी हळूहळू सैल पडली. काठी तशीच. मी रोज सकाळी तिच्या डोळ्यांकडे, म्हणजे पानं गळलेल्या खुणांकडे, निरखून पाहायची. काहीच हालचाल नव्हती. काकांच्या ऑफिसातले शेवटचे लोकही निघाले. त्यांच्यातलं एक कुटुंब काकूंना भेटायला आलं आणि मुंबईत कुठे खोली मिळते ते सांगून गेलं. मी चरख्यावर बसून सगळं ऐकत होते. कांडी भरून ओसंडली तरी माझा हात थांबला नाही.

होळीच्या दिवशी सकाळी अंगणात होळीत टाकायच्या छोट्या, भोक पाडलेल्या गोवऱ्यांच्या माळा ओवणं चालू होतं. काका बाहेर आले, घसा खाकरला.

"परवा ऑफिसात सांगायचंय," ते काकूंना म्हणाले. "मुंबईच सांगतो. झाड काही राहिलं नाही."

"इथंच राहतो म्हणून सांगा," काकू म्हणाल्या.

"अगं, तूच म्हणाली होतीस. झाडानं थंडी काढली तर राहायचं."

काकूंनी हातातली गोवरी माळेत ओवली. "त्यानं नाही काढली," त्या म्हणाल्या. "मी काढली ना."

आणि खरंच, साऱ्या हिवाळ्यात त्या एकदाही खोकल्या नव्हत्या. आमचं सगळ्यांचं लक्ष झाडाकडे, त्यांच्याकडे बघायला कोणाला सवड होती? संध्याकाळच्या संध्याकाळ त्या उबेच्या खोलीत बसत होत्या, आईच्या हातचं गरम गरम खात होत्या, माझ्यावर ओरडत होत्या. आई म्हणाली, "धूर गेला डोळ्यात," आणि होळी तर अजून पेटलीही नव्हती. बाबा उठून आत गेले. सणाचा दिवस, माग बंद ठेवायचा. पण आतून एकदा, एकदाच, खट असा आवाज आला.

"शेवंते," काकू मला म्हणाल्या, "पुस्तक आण. होळीची सुट्टी शाळेला असते, स्पेलिंगांना नसते."

चैत्रात, माझी परीक्षा चालू असताना, काठीच्या टोकाला एक लाल टिंब दिसलं. मग त्याचं टोक झालं, मग पान. झाडांनाही थोडं उशिरा सांगायची सवय असते. निकाल लागला, मी इंग्रजीत पास झाले, काठावरच पण झाले. काकूंनी त्या तांबूस पालवीतलं एक पान खुडलं. मी म्हटलं, "नको, आत्ताच तर आलंय." त्या म्हणाल्या, "झाडाला कळतं कोणासाठी खुडलं ते." पानाचे तुकडे करून सगळ्यांना वाटले, बाबांनाही. बाबांनी चावलं, डोळे घट्ट मिटले आणि म्हणाले, "अरे बाप्पा! दात आंबले! याच्यापायी जीव पाखडला काय आपन?" मी आयुष्यात पुष्कळ पेढे खाल्ले, पण निकालाची चव म्हटली की मला अजून तेच पान आठवतं.

काका-काकू नागपूरचेच झाले. रातांबा पुष्कळ वर्षं त्या खोलीत नांदला. पुढे तो फुलला आणि काकूंनी फुलं निरखून कपाळाला हात लावला: नर झाड निघालं, फळ कधी धरणार नव्हतं. बाबा म्हणाले, "म्हंजे घरजावईच म्हना. बसून खाईन, देनार काही नाही." काकू त्याची पानं आमटीत घालत राहिल्या आणि जावयाची बाजू घेत राहिल्या. नंतर माग बंद पडला, खड्डा बुजला, खोली कोरडी झाली. पुढच्याच उन्हाळ्यात रातांबा गेला. त्याचं मला वाईट वाटलं, पण अन्याय झाला असं वाटलं नाही. तो मागाच्या जिवावर जगला होता, मागाबरोबर गेला.

मी पुढे शिकले, शिक्षिका झाले, जन्मभर दुसऱ्यांच्या मुलांकडून इंग्रजी शब्द पाठ करून घेतले. लोक विचारतात, तुम्हाला घरातून प्रोत्साहन होतं का? मी हो म्हणते. पण ते प्रोत्साहन कसं होतं, ते सांगायला बसले तर तास पुरत नाही. आईने कांड्या भरल्या. काकू मुंबई सोडून राहिल्या. आणि बाबा, ज्यांनी मला कधी "शीक" म्हटलं नाही, त्यांनी आपल्या मागावरचा उजेड काढून एका रोपाला दिला. ते रोप काकूंसाठी होतं, आणि काकू माझ्यासाठी होत्या. तिघांचंही ऋण मला फेडायचं नाही. ते अंगावर असलं की थंडीत बरं वाटतं.

परवा मी कुंडी गॅलरीतून आत ओढली. खाली गोणपाट घेतलं होतं. ती युक्ती अजून हातात आहे. आमच्या हॉलमध्ये ऊन एकाच जागी येतं, खिडकीजवळ, जिथे माझी खुर्ची असते आणि जिथे मी दुपारी वाचत बसते. मी खुर्ची भिंतीकडे सरकवली आणि कुंडी तिच्या जागी ठेवली. पानांवर ऊन आलं. मी पुस्तक उघडलं.

सून स्वयंपाकघरातून आली. "अहो आई, तिथे अंधारात काय वाचताय? डोळे जातील. ते झाड जरा सरकवू का?"

साठ-पासष्ट वर्षांत मी घरात कधी शाळेची भाषा सोडून बोलले नाही. त्या दिवशी मात्र दुसरं काही तोंडात आलंच नाही.

"राहू दे वं," मी म्हटलं. "मले पाठ हाय."